दातांनी उघडलेला हात

“उघडला! अहो, उघडला की!”

विजयश्री खुर्चीतून अर्धी उठली आणि जीभ चावून परत बसली. सराव घेणाऱ्या तेजस्विनी मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की सराव चालू असताना नातेवाइकांनी बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, पेशंटच्या डोक्याला दुसरा विषय द्यायचा नाही. पण सात महिने मिटलेली नवऱ्याची मूठ डोळ्यांदेखत उघडताना बघायची आणि तोंडाला कुलूप लावून बसायचं, हे विजयश्रीला काही जमत नव्हतं.

ज्योतीराम पडद्यासमोर खुर्चीत बसला होता. डोक्यावर भोकाभोकांची घट्ट टोपी, प्रत्येक भोकातून निघालेली वायर, केसांत थंडगार जेल आणि डाव्या हातात मोटरवाला काळा मोजा. समोरच्या पडद्यावर ‘उघडा’ असा हिरवा शब्द आला की त्याने हात उघडायचा नुसता विचार करायचा. विचार टोपीला कळला, की मोटर घुरघुरायची आणि मोजा त्याची बोटं एकेक करून सरळ करायचा. आज चाळीस वेळा शब्द आला आणि चौतीस वेळा मोजा उघडला.

“पंच्याऐंशी टक्के,” तेजस्विनी वहीत लिहिताना म्हणाली. “काका, सगळ्या पेशंटमध्ये तुमचा पहिला नंबर आहे. आमचे मोठे सर सारखं तुमचंच नाव घेतात.”

ज्योतीराम हसल्यासारखं करून खाली बघू लागला. मोज्याची गोम त्याला कळून नऊ दिवस झाले होते आणि ती त्याने अजून कोणालाही सांगितली नव्हती.

ज्योतीराम गपाट मूळचा भूम तालुक्यातला. सव्वीस वर्षांपूर्वी भोसरीत प्रेसच्या मशीनवर लागला, आणि कंपनी चाकणला हलली तसा तिच्यामागे कुरुळीला येऊन कौशल्याबाईंच्या दोन खोल्यांत राहिला. गाड्यांच्या सीटखाली लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट ठोकायचे, एवढंच काम. किती लाख ठोकले असतील याचा हिशोब त्याने कधी केला नाही. गेल्या श्रावणात पहिल्या शिफ्टला निघताना बुटाची नाडी बांधता बांधता डाव्या हातातून नाडी निसटली, ती परत हाताला लागलीच नाही. पक्षाघाताचा झटका होता. वाचा शाबूत राहिली. पाय काठीच्या आधाराने का होईना, चालू लागला. हात मात्र छातीशी मुडपून बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ज्योतीरामची मूठ झाकली ती झाकलीच, आणि तिला कोणी सव्वा रुपया दिला नसता.

मग कुणीतरी सांगितलं, की नाशिक फाट्याजवळ, कासारवाडीत, एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर नवीन मशीन आलंय. डोक्यातला विचार ओळखून हात हलवतं. सहा आठवड्यांचा प्रयोग होता, आठवड्यातून तीन दिवस. तत्त्व असं, की विचार आणि हालचाल पुन्हा पुन्हा एका वेळी झाली, की मेंदू हाताकडे जायची नवी वाट पाडतो, आणि मग कधीतरी मोज्याशिवायही हात हलू लागतो. मशीन एकच आणि रांगेत बारा माणसं. त्यामुळे चौथा आठवडा संपला की सर्वांची परीक्षा व्हायची. साठ टक्क्यांच्या खाली राहणाऱ्याची जागा रांगेतल्या पुढच्याला मिळायची. बसमध्ये मोशीच्या ट्रॅफिकमुळे जाता-येता तीन तास मोडायचे. विजयश्री वायरिंगच्या कंपनीत कामाला होती; ती दुसऱ्या पाळीला बदली मागून घेऊन त्याला सकाळी घेऊन यायची, घरी सोडायची आणि उभ्या उभ्या दोन घास खाऊन पळायची. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. ज्योतीराम ते रोज बघत होता.

गोम कळली ती तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी. तेजस्विनीला फोन आला म्हणून ती मशीन चालू ठेवूनच बाहेर गेली. विजयश्री खाली चहा आणायला गेली होती. ज्योतीराम एकटाच बसून कंपनीच्या ग्रुपवर सकाळी आलेला फोटो आठवत होता. त्याच्या प्रेससमोर कोणी नवा ऑपरेटर उभा होता, अंगठा वर करून. सुपरवायझरने खाली लिहिलं होतं, ‘नया हाथ, नया जोश’. ज्योतीरामचे दात करकचून आवळले गेले. आणि मोटर घुरघुरली. मोजा उघडला.

त्याने हाताचा विचारसुद्धा केला नव्हता.

सव्वीस वर्षं मशीनसमोर उभा राहिलेला माणूस. एकदा घडलं ते पुन्हा करून बघायचं, ही त्याची सवय. त्याने परत दात आवळले आणि डोक्यात मुद्दाम भूमच्या बाजारातल्या म्हशी आणल्या. मोजा उघडला. मग जबडा सैल सोडला, डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा जीव त्या पाच बोटांत ओतला. मोजा ढिम्म हलला नाही. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

मग त्याला उलगडलं. पहिल्या दिवशी मशीनला त्याचा विचार शिकवायचा म्हणून दोन तास बसवलं होतं. ‘उघडा’ आलं की जोर लावा, ‘आराम’ आलं की सोडा. आता हात उघडायचा विचार करायचा म्हणजे काय करायचं, हे कोणाला सांगता येतं? हात कधी विचार करून उघडला होता का? मग ज्योतीरामने त्याला माहीत असलेला जोर लावला. प्रेसचा साचा, म्हणजे डाय, बदलताना, अडकलेला बोल्ट सोडवताना, जन्मभर तो दात आवळूनच जोर लावत आला होता. टोपीच्या वायरी कानशिलांवरूनच गेलेल्या, आणि दात आवळले की कानशीलही ताणतं. मशीनने हात शिकलाच नव्हता, दात शिकले होते.

तेजस्विनी आली की तिला सांगायचं, असं त्याने ठरवलंही. पण आधी दार उघडून विजयश्री आली, दोन हातांत चहाचे दोन कागदी कप घेऊन. आणि त्याच क्षणी, तिला बघून गडबडलेल्या ज्योतीरामचे दात पुन्हा आवळले गेले असावेत, कारण मोजा उघडला. कोणी सांगितलं नसताना, पडद्यावर शब्द नसताना उघडला. विजयश्रीने कप खिडकीत ठेवले, तोंडावर पदर घेतला आणि ती रडायला लागली. सात महिन्यांत ती त्याच्यासमोर एकदाही रडली नव्हती. त्या रडण्याच्या मधे शब्द घालायची ज्योतीरामची छाती झाली नाही.

पुढच्या सरावाच्या वेळी तिने मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि गावाकडच्या, माहेरच्या, कंपनीतल्या सगळ्या ग्रुपवर टाकला. कौशल्याबाईंना तर ओट्यावर बसवून दाखवला.

“आगं बया, हालतोय की त्यो!” म्हातारीने मोबाइल नाकाला लावून बघितला. “मंग आता कवा जायाचं कामाला, ज्योतीराम?”

“बघू मावशी.”

“बघू काय? देवानं हात दिलाय माघारी. बघू म्हनू नये आसं.”

ज्योतीराम काठी टेकत आत गेला. त्याला फार दमल्यासारखं झालं होतं. आजारपणात माणूस दमतोच, पण हा दम वेगळा होता. खोट्या हातावर मिळालेलं कौतुक गोळा करता करता तो थकत चालला होता. सांगावं, तर जागा जाणार, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. न सांगावं, तर आणखी दोन आठवडे टोपी घालून दात खात बसायचं आणि घरी यायचं.

परीक्षेच्या आधीच्या शुक्रवारी विजयश्रीला सकाळीच कामावर बोलावलं. कंपनीत ऑडिट होतं, सुट्टी मिळेना. तिने धम्मरत्नला फोन केला. धम्मरत्न ज्योतीरामचा कंपनीतला जुना सोबती, औसा तालुक्यातला. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत तो ज्योतीरामच्या शेजारच्या प्रेसवर होता. आता स्टोअरला असतो. त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. तो रिक्षा घेऊन दारात आला, ज्योतीरामला धरून बसवलं आणि तासभर त्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर चूपचाप बसून राहिला. त्या दिवशी अठ्ठ्याऐंशी टक्के झाले.

खाली हॉस्पिटलच्या भिंतीला लागून चहाची गाडी होती. धम्मरत्नने ज्योतीरामला बाकावर टेकवलं, चहाचा ग्लास त्याच्या उजव्या हातात दिला आणि स्वतः उभाच राहिला.

“उस्ताद, एक विचारू का?”

“विचार की.”

“वायसर कुठं घातलंयस?”

ज्योतीरामने ग्लास बाकावर ठेवला. प्रेसच्या धंद्यातल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. प्रेसला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच वरचा डाय धाडकन खाली येतो. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे ते डायखाली नसतात. कोण्या शहाण्याने विचारपूर्वक केलेली सोय. पण दोन्ही हात बटणांवर ठेवून काम केलं, की पिसांचा काउंट कमी पडतो आणि सुपरवायझर शिव्या घालतो. म्हणून जुन्या मशीनवर डावं बटण दाबून त्याच्या फटीत एक वायसर, बोल्टखाली घालतात ती चकती, कोंबायचं. मशीनला वाटतं, डावा हात जागेवर आहे. मग उजव्याने बटण दाबायचं, डाव्याने पीस सरकवायचा. शिफ्टला चारशे पीस जास्त. ही युक्ती सगळ्या लाइनला शिकवली ती ज्योतीरामने, म्हणून तो उस्ताद. धम्मरत्नची दोन बोटं त्याच युक्तीने गेली.

“वहिनींनी टाकलेला व्हिडिओ मी तीनदा बघितला,” धम्मरत्न म्हणाला. “सगळे हात बघायलेत. मी तोंड बघितलं. तुझ्या कानाखाली गाठ वर आली, की मोजा उघडायलाय. आज इथं बसून मोजलं. एकदा बी चुकलं नाही.”

“तुला बरं दिसलं.”

“तूच शिकवलंयस. पीस बिघडला तर पीस बघत बसू नको, बटण बघ म्हणून.”

ज्योतीरामने रस्त्याकडे बघितलं. फाट्यावरच्या पुलाखाली बसेस नुसत्या तुंबल्या होत्या.

“मुद्दाम नाही केलं राव,” तो म्हणाला. “आपोआप झालं.”

“पहिल्यांदा आपोआपच होतंय. आपलं बी तसंच झालं होतं.”

“सांगितलं तर काढतील. बारा जण हायत रांगेत.”

“अन् नाही सांगितलं तर?”

“दोन आठवडे अजून. मग कोर्स पुरा. कागदावर पास.”

“अन् हात?”

गाडीवाल्याने स्टोव्ह मोठा केला. ज्योतीरामला एक गोष्ट अकरा वर्षांत कधी बोलता आली नव्हती, ती आता तोंडातून निघाली.

“तवा तू माझं नाव घेतलं नाहीस. चौकशीत.”

“घेऊन काय करतो? शिकवलं तू, पण वायसर माझ्या हातानंच घातलं होतं. खरं बोललो असतो तर तुझी नोकरी गेली असती अन् माझी बी. मी काय देवमाणूस नाही ज्योतीराम. भ्यालो होतो.” धम्मरत्नने चहा संपवला. “बोटांचं आता काही वाटत नाही. सवय झालीय. पण ते मशीन अजून तिथंच हाय, तीच बटणं हायत. मी तोंड उघडलं असतं तर बदललं असतं त्यांनी. त्याचं वाटतंय कधीकधी. इथं बी तूच पहिला नंबर म्हणायलेत. तुझ्याकडं बघून हे मशीन चांगलं म्हणतील अन् पुढच्याच्या डोक्यावर घालतील. त्याचे बी दातच शिकंल ते.”

“विजयश्रीला कसं सांगू?”

“ते मला नाही सांगता यायचं बाबा,” धम्मरत्न म्हणाला, आणि रिक्षा बघायला गेला.

शनिवार गेला. रविवारी सकाळी विजयश्रीने नेहमीप्रमाणे त्याच्या हाताला तेल लावलं. बोटं एकेक करून सोडवली, मनगट फिरवलं. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, स्वयंपाकघरातून रिकामा स्टीलचा पेला आणला आणि त्याच्या डाव्या मुठीत बसवला.

“नुसता विचार करा,” ती म्हणाली. “मॅडम सांगतात तसा. उघडा.”

“अगं, इथं कसं...”

“करा तर खरं.”

ज्योतीरामने जोर लावला. दात आवळले गेले. बोटं हलली नाहीत; उलट जास्त घट्ट झाली, आणि कडेला तेल लागलेला पेला मुठीतून निसटून फरशीवर घरंगळत गेला. विजयश्रीने वाकून तो उचलला.

“घरी वायरी नाहीत ना, म्हणून,” ती स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाली. “होईल. घाई नाही करायची.”

ती पेला घासायला मोरीकडे गेली. ज्योतीरामला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. बोटं जाताना धम्मरत्न ओरडला होता तेव्हाही नाही.

सोमवारी बसमध्ये सांगायचं ठरवलं होतं. चिंबळी फाटा गेला, मोशी गेली, भोसरी गेली. विजयश्री खिडकीला डोकं टेकून झोपली होती. तिची झोप मोडायची त्याला इच्छा होईना, आणि खरं म्हणजे ते निमित्तच होतं.

दुसऱ्या मजल्यावर तेजस्विनीने परीक्षेचा कागद काढून ठेवला होता. तिने टोपी हातात घेतली तसा ज्योतीराम म्हणाला, “मॅडम, थांबा जरा. माझं काहीतरी बोलायचं राहिलंय.”

आणि त्याने सांगितलं. बायकोकडे न बघता, कंपनीत मशीनचा बिघाड सांगायचा त्या पद्धतीने सांगितलं: कधी लक्षात आलं, काय करून बघितलं, काय झालं. शेवटी म्हणाला, “हात उघडत नाही मॅडम. दातच मोजा उघडायलेत.”

तेजस्विनीला आधी खरं वाटेना. तिने टोपी चढवली, मशीन लावलं आणि म्हणाली, “काका, आता दात आवळा, हाताचा विचार अजिबात करू नका.” मोजा उघडला. “परत.” उघडला. ती हळूच स्टुलावर बसली. पंचविशीतली पोर, पण त्या क्षणी तीही फार दमलेली दिसली.

“हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं,” ती म्हणाली. “पडद्यावर रेघा थरथरत होत्या. मला वाटलं, तुम्ही फार मनापासून करताय.”

“मनापासूनच करत होतो.”

“माहितीये काका.” तिने दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. “असं करूया का? आजची परीक्षा जशी आहे तशी होऊ दे. तुमची जागा राहील. पुढच्या आठवड्यात मी मशीन नव्याने शिकवते, तोंड सैल ठेवून. सरांना नंतर सांगू. आत्ता कोणाला काही कळणार नाही.”

ज्योतीराम विरघळला. यात वाईट काय होतं? जागा राहत होती, पोरीचीही मान खाली जात नव्हती. एवढं सगळं बोलून दमलेल्या माणसाला असं कोणी हात धरून मागे नेलं, तर नको कसं म्हणायचं? त्याने इतक्या वेळात पहिल्यांदा विजयश्रीकडे बघितलं.

ती दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

“मॅडम,” ती म्हणाली, “दातानं उघडला, तर हाताला त्यातनं काय शिकायला मिळतं?”

“काहीच नाही, काकू.”

“अन् बाहेर त्या बाई बसल्यात, व्हीलचेअरवरच्या. त्या रांगेत हायत का?”

“हो. पुढचा नंबर त्यांचाच आहे.”

“मग घ्या परीक्षा. खरी घ्या.”

तेजस्विनीने ज्योतीरामकडे बघितलं. त्याने मान हलवली.

ती तासभर कामाला लागली. त्याच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टीने नव्या दोन वायरी लावल्या, मशीनला दातांची रेघ गाळायला लावली. “तोंड थोडं उघडं ठेवा काका. दातांना दात लागू देऊ नका. जबड्याची रेघ वर गेली, तर ती वेळ मी मोजणार नाही.”

पहिला ‘उघडा’ आला. ज्योतीरामने तोंड उघडं ठेवून विचार केला. मोजा गप्प. दुसरा आला. तिसरा. दाताशिवाय जोर कसा लावायचा, हे त्याला एकावन्नाव्या वर्षी नव्याने शोधावं लागत होतं. डायमधून पीस उचलतोय असं समजून बघितलं. सायकलचा ब्रेक सोडतोय असं समजून बघितलं. विजयश्रीच्या मनगटाला धरलेला हात सोडवतोय असंही समजून बघितलं. सहाव्या वेळी मोटर घुरघुरली आणि मोजा उघडला. पण पुढच्या दहा वेळा तो हलला नाही. त्याची डावी बाजू अजून पुरती ताब्यात नव्हती, त्यामुळे तोंड उघडं ठेवलं की डाव्या कोपऱ्यातून लाळ गळू लागली. ती हनुवटीवरून शर्टावर ओघळली. उजवा हात हलवायला मनाई होती. एकोणिसाव्या ‘उघडा’ला त्याने शरमेने तोंड मिटलं.

विजयश्री उठली, पदराच्या टोकाने तिने त्याची हनुवटी पुसली आणि त्याच्या खुर्चीला लागूनच उभी राहिली.

“चालू द्या मॅडम,” ती म्हणाली. “उघडं ठेवा तुम्ही तोंड. मी हाय इथं.”

पुढच्या एकवीस वेळा ती तशीच उभी होती. लाळ आली की पुसत होती. तेजस्विनीने तिला बसायला सांगितलं नाही. तिसाव्यानंतर ज्योतीरामकडे करायला विचार उरले नाहीत, तेव्हा तो नुसता त्या हाताजवळ बसून राहिला, आजारी माणसाजवळ बसावं तसा.

चाळीसपैकी नऊ.

“नऊ म्हणजे...” तेजस्विनीने कसंबसं सांगितलं, “काका, एवढ्या वेळा मशीन आपल्या मनानेही उघडतं.”

तिने हळूहळू एकेक वायर काढली. खाली साध्या व्यायामाला येत राहा, हाताचा व्यायाम सोडू नका, असं ती बोलत होती. सरांना फोन करून येते म्हणाली आणि गेली. खोलीत दोघंच उरले.

“त्या दिवशी मी रडले, तेव्हाच सांगायचं होतं,” विजयश्री म्हणाली.

“तू रडत होतीस म्हणूनच नाही सांगितलं.”

त्याच्या शर्टाचा ओला झालेला भाग तिने चिमटीत धरून अंगापासून सुटा केला आणि वरचं बटण लावलं. तिला राग आला होता, तो दिसत होता. पण बटण तिने नीट लावलं.

तेजस्विनी आली ती प्रयोगातून बाहेर पडल्याचा फॉर्म घेऊन. कारणाच्या रकान्यात तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मशीन जबड्याची हालचाल वाचत होतं, पेशंटने स्वतः निदर्शनास आणलं.’ फोनवर सर काय बोलले, ते तिने सांगितलं नाही. तिचे डोळे लाल होते.

“इथे सही, काका.”

ज्योतीरामने उजव्या हातात पेन घेतलं. टेबलाची काच गुळगुळीत होती. पेन टेकवलं, की कागद पुढे सरकायचा. त्याने एकदा प्रयत्न केला; पहिल्या अक्षराची रेघ तिरकी निघून गेली. पुन्हा केला. कागद पुन्हा सरकला. तेजस्विनी पुढे होणार, एवढ्यात विजयश्रीने कागदाच्या डाव्या कोपऱ्यावर आपला तळहात ठेवला आणि तो काचेवर दाबून धरला.

ज्योतीराम नेहमी नुसतं ‘ज्यो. मु. गपाट’ एवढंच घाईघाईत गिरवायचा. आज त्याने सावकाश, एकेक अक्षर काढत, पूर्ण नाव लिहिलं. ते होईपर्यंत विजयश्रीने हात हलवला नाही.